दप्तरी मयत

आमच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत पहिला विषय मेलेल्यांचा असतो. उसाला भाव किती, तोडणी कधी, हे सगळं नंतर. आधी अहवाल सालात दिवंगत झालेल्यांना श्रद्धांजली. माजी मंत्री, जुने नट, गायक, शास्त्रज्ञ, कुठल्याशा देशाचा राष्ट्राध्यक्ष, मग चेअरमनचे सोयरेधायरे आणि शेवटी 'तसेच ज्ञात-अज्ञात सभासद, कर्मचारी व हितचिंतक'. सगळे उभे राहतात. दोन मिनिटं म्हणतात आणि अर्ध्या मिनिटात खाली बसतात. मग चेअरमन विचारतो, मंजूर? मांडव ओरडतो, मंजूर. आमच्याकडं मरणसुद्धा मंजूर करून घ्यावं लागतं.

माझे सासरे सहादू शाहीर या सभेत जिवंतपणी मेले.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूला आत्या म्हणते. आत्याचं नाव बनाबाई. मामा डफावरचे शाहीर. राजूरच्या बाजारापासून पाथर्डीच्या माळापर्यंत माणसं त्यांना आवाजावरून ओळखायची. भीमजयंतीला तर त्यांना इतकी बोलावणी यायची की घरी आम्हाला ते आठवडा-आठवडा दिसायचे नाहीत. कामगारांच्या संपात गायले, धरणग्रस्तांच्या मोर्चात गायले, शाळेच्या गॅदरिंगात गायले. पुढाऱ्यांनी बोलावलं तिथंही गेले आणि पुढाऱ्यालाच झोडून आले. मग पुढाऱ्यांनी बोलवायचं बंद केलं. मामा म्हणायचे, "बरं झालं, त्येंचा चहा गोड लई आसतो."

वतनाच्या अर्ध्या एकरात ऊस, म्हणून ते कारखान्याचे सभासद. सभासद म्हणजे वर्षातून एकदा बोलायचा हक्क. बाकीचे सभासद सभेला मसालेभात आणि जिलेबीसाठी जायचे. मामा पहिल्या विषयावर बोलायला जायचे. पहिल्या विषयावर कधी कुणी बोलत नसतं.

त्याला कारण होतं. मळीची टाकी साफ करायला तीन पोरं आत उतरवली होती, तोंडाला पंचा बांधून. तिन्ही गुदमरून मेली. ठेकेदाराची माणसं म्हणून कारखान्यानं हात झटकले. त्या सालच्या श्रद्धांजलीत त्यांची नावं नव्हती. मामा उभे राहिले.

"अध्यक्षम्हाराज, त्यो परदेशातला राष्ट्राध्यक्ष आपल्या कारखान्याला ऊस घालत हुता का?"

मांडव हसला.

"न्हाई ना? मंग त्येचं नाव हाय, आन् टाकीत मेलेल्या आपल्या पोरांची का न्हाईत?"

चेअरमन आदिनाथराव तेव्हा नवा होता. संस्थापक आबासाहेबांचा नातू. तो म्हणाला, "शाहीर, श्रद्धांजलीवर चर्चा नसते."

"मंग कशावर आसती? जिलबीवर?"

पुढच्या वर्षी मामांनी परत तेच विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षी परत. आदिनाथराव मामांना बघितलं की माईकवाल्याकडं बघायला लागला. आणि मग एका वर्षी काय झालं, तर श्रद्धांजलीच्या ठरावात, एका नटाच्या आणि एका माजी खासदाराच्या खाली, मयत सभासदांत नाव वाचलं गेलं: सहादू लहानू पगारे.

मामा तिथंच बसलेले. शेजारी आत्या. सभा उरकून दोघांना दवाखान्यात जायचं होतं म्हणून त्या बरोबर गेल्या होत्या. सगळा मांडव उभा राहिला तसे मामाही उभे राहिले. स्वतःच्या श्रद्धांजलीला. मामांच्या फडात ढोलकी वाजवणारा गोरक्षदादा पलीकडं होता. तो कुजबुजला, "शाहीर, तुमचं नाव घ्येतलं."

"ऐकलं म्या. गप ऱ्हा, मेलेल्याचा मान राख."

सगळे खाली बसल्यावर मामा उभेच. "अध्यक्षम्हाराज, म्या हाय की हितं."

मांडव इतका हसला की चेअरमनलाही हसू आलं. "बसा शाहीर, बसा. दुरुस्ती करू." आणि त्याच दमात, "पहिला विषय मंजूर?"

"मंजूर."

ऑफिस म्हणालं, तुमच्या गटाच्या चिटबॉयनं चूक केली. चिटबॉय म्हणजे शेतात येऊन उसाच्या नोंदी घेणारा, मयत सभासदांची नावं तोच कळवतो. चिटबॉय म्हणाला, मी कळवलंच नव्हतं. चूक कुणाची ते आजपर्यंत कळलं नाही. फायदा कुणाचा ते पुढच्या सभेत सगळ्यांना कळलं. त्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम झालं. मामा बोलायला उठले तर माईकवाल्यानं माईक दिला नाही. म्हणाला, "शाहीर, मयत सभासदाला बोलता येत न्हाई."

पुन्हा हशा. मामाही हसले. आत्या नाही हसल्या.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते, ते झाकून पुढं जाता येत नाही. प्रशांत आयटीआय फिटर. तेव्हा घरी बसून होता. मामा दुरुस्तीसाठी ऑफिसात खेटे घालून दमले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की ठराव फिरवणं अवघड आहे, त्यापेक्षा वारसनोंद करून टाका. पोराला सभासद करू, शिवाय हंगामी कामावर घेऊ. वारसनोंद म्हणजे बाप मेला असं पोरानं लिहून द्यायचं. मामा घरात जेवत बसलेले आणि प्रशांतनं सही केली. तो सही करायला कारखान्यात निघाला तेव्हा मामांनी त्याला हटकलं नाही. ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "कर. मेलेल्या बापाचा तेवढा तरी उपेग."

त्या दिवसापासून बापलेकात बोलणं होतं, पण त्यात काही नसायचं. पाणी तापलंय, सायकल कुठंय, असलं.

मामांनी मात्र ते मरण अंगावर पांघरून घेतलं. कुठंही कार्यक्रम असला की डफावर थाप टाकून सुरुवात करायचे, "कारखान्याच्या दप्तरी मयत, तुमच्या म्होरं हाजर, सहादू शाहीर. जयभीम." माणसं टाळ्या वाजवायची. तीन तालुक्यांत ते वाक्य झालं होतं. कुणी उसनं मागितलं तर गोरक्षदादा म्हणायचा, मी दप्तरी मयत हाय.

यंदा जानेवारीत मामा खरे गेले. छातीनं गेले. गावातल्या कुठल्या मयताला जमली नव्हती एवढी माणसं जमली. अकोले तालुक्याच्या डोंगरातून टेम्पो भरून माणसं आली. नगरच्या पेपरात फोटोसकट बातमी आली. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला विहारापुढचं अंगण पुरलं नाही, माणसं रस्त्यावर बसली. कारखान्याकडून कुणी आलं नाही. त्याच आठवड्यात चेअरमनचा शर्यतीचा बैल मेला होता. त्याच्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स कारखान्याच्या गेटवर पावसाळ्यापर्यंत होता. बैल चांगला होता, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सभेची नोटीस आली ती प्रशांतच्या नावानं, कारण सभासद तो. पहिला विषय नेहमीचा. आत्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, "वाच बरं पयला इषय." मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "ह्या साली गेले ना ते? मंग ह्या साली वाचा म्हनावं. शाहीर हुते, ह्या साली गेले, येवढंच. बाकी कायबी नगं."

"आत्या, ते नाही वाचायचे."

"का? नाटकवाल्याचं वाचत्यात. माझा न्हवरा काय घरात गात हुता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. प्रशांतला सांगितलं नाही. सभेचं काम ओंकार साहेबाकडं असतं. पोरगेलासाच आहे, पुण्यात शिकलेला, नगरला सावेडीत फ्लॅट, रोज कारनं येतो. वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. तो मोबाईलवर बघून बघून यंदा जगात कोण कोण गेलं ते कागदावर उतरवत होता. शेजारच्या क्लार्कला विचारत होता, "हा फुटबॉलवाला टाकू का? लई मोठा होता म्हणे."

"टाका. मानूस कमी दिसतंय यंदा," क्लार्क म्हणाला.

आत्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

"बसा मावशी."

"बसाय न्हाई आले. सहादू शाहीर ह्या साली गेले. त्येंचं नाव घ्या."

त्यानं कॉम्प्युटरवर बोटं चालवली. कपाळाला आठी घातली. "मावशी, हे तर आधीच मयत आहेत."

"तवा जित्ते हुते."

"असतील. पण ठराव झालाय ना. इतिवृत्त कायम झालंय. एकाच माणसाला दोनदा श्रद्धांजली कशी वाहायची? उद्या ऑडिटला प्रश्न आला तर मी काय उत्तर देऊ?"

"मेलेल्याचं बी ऑडिट करता व्हय?"

क्लार्क खाली बघून हसला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तुमच्या गेटवरची पाटी बदलली, कागदांच्या डोक्यावरचं नाव बदललं. अख्खा जिल्हा बदलता आला. एका माणसाचं साल बदलता येत नाही?"

"ते शासनाचं होतं, ताई."

"आन् ह्ये माझं हाय," आत्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "साहेब, तुमच्या दप्तरात मी किती साल रांडव हुते. घरी जित्या न्हवऱ्याला भाकर वाढीत हुते, आन् हितं रांडव. बाया मला कुक्कू लावताना हसायच्या. म्हनायच्या, बनाबाई, कारखान्याला इचारलंस का? ते हसन्यावारी न्यायचे. मला न्हाई नेता आलं. आता ते खरंच गेल्यात. तर खरं गेल्याचं एकदा तरी वाचा. दोनदा नगं म्हनता तर पयलं खोडा."

ओंकार साहेबानं पुढचा कागद बाजूला सारला. पेनाचं टोपण काढलं, घातलं. "चेअरमन साहेबांशी बोलावं लागेल," म्हणाला. सरकारी असो की सहकारी, या वाक्यावर आपण उठायचं असतं. आम्ही उठलो.

संध्याकाळी प्रशांत घरी आला तो पायातली चप्पलही काढली नाही. "कोनी सांगितलं हुतं तिकडं जायला?"

"तुझ्या बापाचं नाव सांगाय गेल्तो," आत्या म्हणाल्या. "त्येला परवानगी लागती का?"

"आई, यंदा कायमच्या आर्डरी निघनार हायेत. माझं नाव हाय त्यात. एवढी वर्सं हंगामी म्हनून घासली, आन् तुमी ऐन वक्ताला..."

"मंग तूच बोल सभंत. सभासद तू हायस. मला माईक देत न्हाईत."

"मी काय बोलू?"

"सही करताना काय बोलला हुतास?"

प्रशांतनं माझ्याकडं बघितलं. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. मी मधे पडायला हवं होतं असं त्याचं म्हणणं नंतर आलं. कुणाच्या बाजूनं पडायचं ते त्यानं सांगितलं नाही.

सभेला दोन-तीन दिवस राहिले असतील. प्रशांत कामावरून आला, हातपाय धुतले आणि टॉवेलनं तोंड पुसता पुसता म्हणाला, "नाव घेनार हायेत."

आत्या चुलीपुढून उठल्या. "कोन म्हनलं?"

"ओंकार साहेब. चेअरमननीच सांगितलं म्हनं, घ्या म्हनून."

"काय वाचनार?"

"नाव वाचनार. बास की आता."

टॉवेल तोंडावरून काही निघेना. मला तेव्हाच खटकलं. आत्यांना नाही खटकलं. त्यांनी पांढरं लुगडं काढलं, धुतलं, दोरीवर वाळत घातलं आणि गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगून आल्या. गोरक्षदादाचं कारखाना रोडला चहाचं हॉटेल आहे, तिथं त्या कधी जात नाहीत, तिथंही गेल्या. गोरक्षदादा म्हणाला, "वैनी, मीबी येतो. शाहिराच्या पयल्या मरनाला हुतो, दुसऱ्याला बी पायजे."

मांडव मोठा होता. पंखे, खुर्च्या, मागं आचाऱ्यांच्या कढया. व्यासपीठ माणसाच्या छातीइतकं उंच. बायकांसाठी डाव्या हाताला चार रांगा, त्यात बसलेल्या बऱ्याचशा बचत गटातून बोलावून आणलेल्या. उजव्या हाताला पुढंच कारखान्याचे कामगार. त्यांना पुढं बसवतात ते कान द्यायला नाही, 'मंजूर' म्हणायला. पाठांतर झालेली माणसं पुढं असली की मागच्यांना वेळेवर ओरडता येतं. त्यात प्रशांत. इस्त्रीचा शर्ट घातलेला. आमच्याकडं मान वळवत नव्हता.

सूत्रसंचालन कारभारी सरांचं. रिटायर मास्तर. आवाज असा की लग्नाची पत्रिका वाचली तरी डोळ्यांत पाणी यावं. त्यांनी सुरुवात केली. दोन माजी मंत्री. एक जुनी नटी. एक शास्त्रज्ञ. परदेशातले एक माजी पंतप्रधान, त्यांचं नाव सरांना दोन प्रयत्नांत जमलं. फुटबॉलवाला आला. एक कीर्तनकार, एक उद्योगपती. चेअरमनच्या मावशीचे यजमान. दर नावाला आत्या पुढं सरकत होत्या. खुर्चीच्या काठावर आल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीला हात लावून ठेवला.

"तसेच," कारभारी सरांनी आवाज खाली नेला, "संस्थापक आबासाहेबांचे एकनिष्ठ सेवक, आपल्या कवनांतून कारखान्याच्या प्रगतीचे आयुष्यभर गुणगान गाणारे, चेअरमन साहेबांच्या कुटुंबाशी ऋणानुबंध जपणारे कैलासवासी सहादू लहानू पगारे."

माझ्या हाताखाली आत्यांची पाठ ताठ झाली.

"काय वाचलं त्येनं?"

त्यांनी ऐकलं होतं.

आता कळलं टॉवेल तोंडावरून का निघत नव्हता. प्रशांतला शब्द माहीत नसतील कदाचित. त्यानं विचारलेच नसतील. विचारलं नाही की माहीत नव्हतं असं म्हणता येतं. कोण कुणाचा सेवक. ज्या माणसानं आबासाहेबांच्या पुतळ्याच्या अनावरणाला, पुतळ्याला मजुरी किती पडते, असं विचारणारं कवन केलं, तो एकनिष्ठ. आणि आमच्यात माणूस कालकथित होतो. कैलासात आम्ही कुणाला पाठवत नाही, हे कारभारी सरांना माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे.

आत्या उभ्या राहिल्या. "आवं," त्या म्हणाल्या. "आवं मास्तर. ह्यो माझा न्हवरा न्हाई. नाव काढा त्ये."

पुढच्या बायका वळल्या. कारभारी सर क्षणभर थांबले आणि चेअरमनकडं बघितलं. आदिनाथरावनं माईक आपल्याकडं ओढला. त्यानं आत्यांना बघितलं, मी शपथेवर सांगते. एकदम गोड आवाजात म्हणाला, "या सर्व थोर आत्म्यांना आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

सगळा मांडव उभा राहिला.

ही कसली युक्ती होती ते मला उभं राहिल्यावर कळलं. एकटी बाई उभी होती तेव्हा सगळ्यांना दिसत होती. आता सगळेच उभे. आत्या त्या गर्दीत बुडाल्या. त्यांच्यापुढं नुसत्या पाठी. आणि स्तब्ध म्हटल्यावर बोलायचीही सोय नाही. शेजारची बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "बनाबाई, तुमच्याच मान्साची शांतता हाय."

आत्यांनी तिच्याकडं बघितलं. मग खाली बसल्या.

पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, मान वर. हजारो माणसं त्यांच्या नवऱ्यासाठी उभी आणि त्या बसलेल्या. मीही बसले. माणसांच्या पायांमधून पलीकडं कामगारांच्या रांगेतल्या खुर्च्या दिसत होत्या. रिकाम्या, सगळ्या. मी प्रशांतची खुर्ची शोधत होते. इस्त्रीची पँट सापडली. ती उभी होती. उभी होती. मग गुडघ्यात वाकली आणि तो खाली बसला.

त्यानं आमच्याकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत बसला. पण बसला. आत्यांनीही ते बघितलं.

मागं कुठंतरी गोरक्षदादाही बसला असं तो सांगतो. त्याचे गुडघे तसेही दुखतात, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

अर्धं मिनिट झालं. माणसं बसायला लागली आणि व्यासपीठावरून आदिनाथरावचा आवाज आला, दुःखानं भरलेला. "शाहिरांच्या कुटुंबीयांना शोक अनावर झालेला आहे. त्यांना भोवळ आलेली दिसते. मुलालाही आलेली आहे. कार्यकर्त्यांनी कृपया पाणी द्यावं. आपण सगळे त्यांच्या दुःखात सहभागी आहोत."

चार कार्यकर्ते पाण्याच्या बाटल्या घेऊन धावले. एकजण आत्यांना पुठ्ठ्यानं वारा घालायला लागला.

"मला भवळ न्हाई आली," आत्या म्हणाल्या.

"व्हय माई, व्हय. घोट घ्या."

"आरं न्हाई आली म्हनते. मी बसले. मुद्दाम बसले."

"व्हय माई."

माईक तिकडं, आम्ही इकडं. बायका आत्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, दोघी तर रडत होत्या. खरंच रडत होत्या. कुणाला काय सांगायचं? आदिनाथरावनं विचारलं, "पहिला विषय मंजूर?"

"मंजूर."

कामगारांच्या रांगेतला आवाज नेहमीसारखाच मोठा आला. एक गळा कमी असल्यानं काही फरक पडत नाही.

आम्ही जेवायला थांबलो नाही. घरी येताना टमटममध्ये प्रशांत आमच्यासमोर बसला होता, हातात त्यांनीच दिलेली पाण्याची बाटली. ती न उघडता त्यानं घरापर्यंत आणली आणि मोरीत ओतली.

दुसऱ्या दिवशी गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कारखान्याची बातमी फिरली. फोटो छान होता. आत्यांना वारा घालणारा कार्यकर्ता, त्याच्या खांद्यावरून बघणारा कारभारी सरांचा चेहरा. खाली लिहिलेलं, 'एकनिष्ठ शाहिरास श्रद्धांजली वाहताना मांडव हेलावला'. सत्तर-ऐंशी जणांनी हात जोडले. प्रशांतच्या वर्गमित्रानं फुलं टाकली.

आता पुढच्या वर्षी हे इतिवृत्त वाचून कायम होईल. मग कुणी विचारलं तर दप्तर सांगेल की सहादू पगारे नावाचा माणूस आधी एकदा मेला, मग सेवक होऊन पुन्हा मेला. शाहीर कुठंच नाही.

दसऱ्याच्या आधी कायमच्या ऑर्डरी निघाल्या. प्रशांतचं नाव नव्हतं. हंगामी कामगारांच्या यादीतही नव्हतं. तो ओंकार साहेबाकडं गेला. साहेब म्हणे मनापासून हळहळला. म्हणाला, "प्रशांत, तुला चक्कर येते. सभेत सगळ्यांनी बघितलंय. मिलवर चक्कर येणारा माणूस ठेवला आणि उद्या काही कमी-जास्त झालं तर जबाबदारी कुणाची? एक हंगाम आराम कर. मग बघू."

मळीच्या टाकीत पंचा बांधून पोरं उतरवताना कुणाला सुचली नव्हती ती काळजी माझ्या नवऱ्याच्या वाट्याला आली.

प्रशांत आता शेतावरच्या मोटारी दुरुस्त करतो. काम आहे, पण बोलावणं आलं तर आहे. घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या काही म्हणाल्या नाहीत. 'बरं केलंस' सुद्धा नाही. मला वाटलं होतं निदान तेवढं म्हणतील. रात्री त्याला भाकरी वाढली, कालवण वाढलं, आणि कोपऱ्यात जाऊन पडल्या. सहीचं आणि बसण्याचं वजन त्यांच्या मनात अजून सारखं होत नसावं. होणारही नाही. मी सून आहे, मला ते मोजायचं कारण नाही.

परवा बाजारातून येताना आम्ही तिघं गोरक्षदादाच्या हॉटेलवर थांबलो. कारखाना सुरू झालेला, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, धुराड्याचा वास. बाकड्यावर प्रशांतच्याच पाळीतला एकजण चहा पीत होता, यंदा कायम झालेला. त्याला उगाच अवघडल्यासारखं झालं. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "काय पगारे, कसं काय?"

प्रशांतनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"दप्तरी चक्कर आल्याली हाय," तो म्हणाला. "बाकी हाजर."

गोरक्षदादाचा गाळणी धरलेला हात थांबला. तो बाकड्यावरचा माणूस हसावं की नाही म्हणून इकडंतिकडं बघायला लागला. मी आत्यांकडं बघितलं. त्या रस्त्यावरच्या ट्रॉलीकडं बघत होत्या. ट्रॉली गेली, तिच्यामागची धूळ खाली बसली, तरी तिकडंच बघत होत्या.

"गेला बापावर," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणून नाही. "पन लई उशिरा गेला."

आणि चहा न पिता उठल्या.